ऐकणाऱ्याला गायला लावणारं संगीत

३१ मार्च १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये अमेरिकेतल्या हौशी पुरुष-गायकमंडळांचा, तिकडच्या भाषेत ग्ली क्लबांचा, मोठा जलसा होता. रंगमंचावर साडेआठशे गायक उभे होते. कोलंबिया कंपनीने त्या दिवशी सभागृहात मायक्रोफोनची व्यवस्था केली होती. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण तेव्हा अगदी ताजं होतं, प्रयोगशाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं. ‘आदेस्ते फिदेलिस’ हे नाताळचं जुनं लॅटिन गीत सुरू झालं आणि प्रेक्षागृहातले लोकही त्यात आपला आवाज मिसळू लागले. पुढे तबकडी बाजारात आली तेव्हा कंपनीने आकडा जाहीर केला : ४,८५० आवाज. एवढ्या माणसांचं गाणं तोवर कुठल्या तबकडीवर आलंच नव्हतं.

या तबकडीचं नाव मी सर्वांत आधी घेते त्याला कारण आहे. रंगमंचावरचे ते साडेआठशे जण पोटासाठी गाणारे नव्हते. दिवसभर आपापला नोकरीधंदा करून संध्याकाळी तालमीला जमणारी ती माणसं होती. उरलेले चार हजार तर ऐकायलाच आले होते. अमेरिकन क्वायरच्या ध्वनिमुद्रणाचा त्यानंतरचा इतिहास पाहिला की हेच चित्र निरनिराळ्या रूपांत दिसत राहतं. कुणीतरी गातं, ते मुद्रित होतं, घरोघर ऐकलं जातं, आणि ऐकणारे पुढच्या मोसमात स्वतः गायला उभे राहतात. या संगीतात ऐकणारा आणि गाणारा यांच्यामधलं अंतर फार थोडं आहे, आणि ध्वनिमुद्रणाने ते आणखी कमी केलं. या पुस्तकात मला मुख्यतः हे सांगायचं आहे. कोरस अमेरिका या संस्थेच्या २०१९च्या पाहणीप्रमाणे लहानमोठी मिळून ५ कोटी ४० लाखांहून जास्त अमेरिकन माणसं कुठल्या ना कुठल्या क्वायरमध्ये गातात, म्हणजे साधारण सहा माणसांत एक. हा आकडा मनात ठेवला तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

आपले कान वेगळ्या रीतीने तयार झालेले असतात. बैठकीत आपण एका गळ्याच्या मागे जातो. तो कुठे थांबतो, कुठे वळतो, समेवर कसा येतो, यावर आपलं सगळं लक्ष असतं. क्वायर ऐकताना मागे जायला असा एकच गळा नसतो. बायकांचे उंच आवाज सोप्रानो, त्यांच्याखालचे आल्टो, पुरुषांचे उंच टेनर आणि खर्जातले बास, असे चार प्रवाह एकाच वेळी वाहतात आणि प्रत्येकाची चाल स्वतंत्र असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यातलं फक्त सगळ्यांत वरचं सोप्रानोचं गाणं ऐकू येतं आणि बाकीचं ‘मागे काहीतरी चाललंय’ असं वाटतं. पण एखादा क्वायर वाद्यांच्या साथीशिवाय गात असला आणि चारही स्वर खरोखर लागले, की जुळलेल्या तानपुऱ्यातून न छेडलेला गंधार आपोआप उमटावा तसं काहीतरी घडतं. कुणीच गात नसलेला एक स्वर हवेत ऐकू येतो. त्यामागचं विज्ञान दोन्हीकडे एकच आहे. पियानोचे स्वर सोयीसाठी किंचित सरकवलेले असतात; मोकळ्या गळ्यांना ती सक्ती नाही, त्यामुळे चांगला क्वायर नकळत शुद्ध अंतरांकडे झुकतो आणि स्वरांचे उपस्वर एकमेकांत मिळून जातात. मराठी श्रोत्याला हा आनंद समजावून सांगावा लागत नाही. तो कुठे शोधायचा एवढंच सांगावं लागतं.

ध्वनिमुद्रणाला मात्र हाच आनंद पकडणं फार अवघड गेलं. मायक्रोफोन येण्यापूर्वी गायकांनी मोठ्या भोंग्याच्या तोंडाशी दाटीवाटीने उभं राहून गायचं आणि आवाजाच्या जोराने सुई हलायची, अशी रीत होती. कारुसोसारख्या एकट्या ऑपेरागायकाला हे छान मानवलं, क्वायरला नाही. भोंग्यापासून लांब उभा राहिलेला गायक ऐकूच येत नसे, हळू गाणं तर अशक्यच. सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन टॅबरनॅकल क्वायरने १९१० साली अशा भोंग्यांसमोर गाऊन पाहिलं. तो प्रयत्न इतिहास म्हणून मोलाचा आहे, संगीत म्हणून फारसं हाती लागत नाही. १९२९च्या जुलैत याच क्वायरचा साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. त्यांच्या त्या घुमटाकार वास्तूत एकच मायक्रोफोन होता, तोही उंच टांगलेला, त्यामुळे निवेदक शिडीवर चढून बोलत असे. तो कार्यक्रम आजही दर आठवड्याला चालू आहे. १९५९ साली या साडेतीनशेच्या आसपास हौशी गायकांनी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर युजीन ऑर्मंडींच्या संचालनाखाली ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’ गायलं. त्या वर्षीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती तबकडी पहिल्या पंधरांत पोचली आणि तिला ग्रॅमीही मिळालं.

पण अमेरिकन समूहगायनाची मुळं सभागृहात नाहीत. ती अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडच्या गायनशाळांत आहेत. गावात एखादा फिरता गुरुजी यायचा, काही आठवडे मुक्काम ठोकायचा आणि शेतकऱ्यांना, कारागिरांना नोटेशन वाचून गायला शिकवायचा. बॉस्टनचा विल्यम बिलिंग्ज हा त्या काळचा सर्वांत जोमदार रचनाकार. व्यवसायाने तो चामडं कमावणारा होता, आणि त्याचा ‘न्यू इंग्लंड साम सिंगर’ हा संग्रह १७७०चा. पुढे शहरांत युरोपी शिस्तीचं वारं आलं तसं हे रांगडं गाणं दक्षिणेकडे सरकलं आणि तिथे टिकलं. १८४४ साली जॉर्जियात निघालेल्या ‘सेक्रेड हार्प’ या गीतपुस्तकात स्वर आकारांनी दाखवलेले आहेत : त्रिकोण म्हणजे फा, गोल म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा मी. आधी त्या स्वरनामांनी संपूर्ण गीत म्हणायचं, मग शब्दांनी. अलाबामात, जॉर्जियात आणि आता इतरत्रही लोक असे दिवसदिवस गायला जमतात.

त्यांची बसण्याची पद्धत मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. चार आवाज चार बाजूंना, आत तोंड करून, मध्ये मोकळा चौक. ज्याची पाळी येईल तो उठून चौकात उभा राहतो, गीताचा क्रमांक सांगतो आणि हाताने लय देतो. बसलेले सगळेही हात खाली-वर करत असतात. श्रोत्यांसाठी जागाच ठेवलेली नसते. हे गाणं सर्वांत चांगलं ऐकू येतं ते त्या चौकात उभ्या असलेल्या एकाच माणसाला. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी १९४२ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमला हे गाणं मुद्रित केलं. पण एका वाहिनीच्या मुद्रणात चारी बाजूंचे आवाज एकमेकांवर आदळून एक घट्ट गोळा झाला. १९५९ साली ते स्टिरिओ यंत्र घेऊन पुन्हा अलाबामात, फाईफ गावी गेले. ते मुद्रण ऐकताना आपण त्या चौकात जाऊन उभे राहतो. आवाज खरखरीत आहेत, कुणी गोड गायचा प्रयत्न करत नाही, मुख्य चाल टेनरमध्ये दडलेली आहे आणि सगळे पूर्ण ताकदीने गातात. मला अमेरिकन क्वायरची याहून प्रामाणिक ओळख माहीत नाही. म्हणूनच पहिलं प्रकरण त्या मुद्रणावर आहे.

दुसरं प्रकरण नॅशव्हिलचं आहे. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीय मुलामुलींच्या शिक्षणासाठी १८६६ साली तिथे फिस्क विद्यालय निघालं आणि पाच वर्षांत पैशाअभावी बंद पडायच्या बेताला आलं. तिथले खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचा संच बांधला आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी ते उत्तरेकडे निघाले. त्यातले बहुतेक जण जन्माने गुलाम होते. सुरुवातीला ते प्रचलित, गोऱ्या श्रोत्यांना ओळखीची गाणी गात. त्याला प्रतिसाद बेताचाच होता. गुलामीच्या दिवसांत आईवडिलांकडून ऐकलेली भजनं, ज्यांना आपण आज ‘स्पिरिच्युअल’ म्हणतो, ती चारचौघांत गायची त्यांची तयारी नव्हती. ते घरातलं, दुःखातलं गाणं होतं. ओहायोतल्या ओबर्लिन गावी धर्मोपदेशकांच्या सभेत त्यांनी ‘स्टील अवे’ हळूच सुरू केलं तेव्हा सभागृहातली चुळबुळ थांबली, असं सांगतात. संचाची पियानोवादक आणि तालीम घेणारी एला शेपर्ड हिने या गीतांची मांडणी बसवण्यात मोठा वाटा उचलला. व्हाइट यांचा आग्रह अत्यंत हळू आवाजाचा होता : ऐकू येईल न येईल असा आरंभ, पण स्वर मात्र पक्का. १८७३ साली ते इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गायले. त्यांनी मिळवलेल्या पैशातून उभा राहिलेला ज्युबिली हॉल आजही नॅशव्हिलमध्ये आहे.

फिस्कच्या गायकांपैकी फ्रेडरिक लाउडिन यांनी पुढे स्वतःचा संच घेऊन १८८४ ते १८९० असा जगाचा दौरा केला, आणि त्यात ते भारतातही आले होते. ध्वनिमुद्रण मात्र १९०९ साली झालं, तेही चार पुरुषांचं. चौघांपुरती जागा त्या भोंग्यापुढे होती. जॉन वर्क यांच्या नेतृत्वाखाली गायलेलं ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ त्या तबकडीत आहे. तबकडीच्या खरखरीतून चार आवाज येतात, घाई न करता, एकमेकांना जागा देत. या चौघांच्या तबकड्या देशभर गेल्या. पुढे टस्कीगीचे विल्यम डॉसन, हॉल जॉन्सन, आणि आपल्या काळात न्यू ऑर्लिन्सचे मोझेस होगन यांनी या गीतांच्या क्वायरसाठी नव्या मांडण्या केल्या. आज अमेरिकेतल्या कुठल्याही शाळेच्या क्वायरची शेवटची रचना बहुधा यांपैकी एखादीच असते.

मिनेसोटातली कथा अगदी निराळी. नॉर्थफील्ड गावी नॉर्वेहून आलेल्या लुथरन लोकांचं सेंट ओलाफ कॉलेज आहे. तिथे १९१२ साली एफ. मेलियस क्रिश्चनसेन यांनी क्वायर उभा केला. त्यांना हवा होता कंप नसलेला, सरळ रेषेसारखा स्वर, ज्यात एकही गळा वेगळा ओळखू येणार नाही. कागद हातात न घेता सगळं तोंडपाठ गायचं. १९२०च्या दौऱ्यात पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांनी हा क्वायर ऐकला आणि देशभरच्या कॉलेजांना तसा क्वायर हवासा झाला. त्याच वर्षी ओहायोतल्या डेटन इथे जॉन फिनली विल्यमसन यांनी वेस्टमिन्स्टर क्वायर सुरू केला. त्यांचा मार्ग उलटा होता, प्रत्येक गळ्याला मोकळं, भरदार गाऊ द्यायचं. या दोन पंथांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटू नये असं मला वाटतं. ध्वनिमुद्रणात सरळ स्वर जास्त खुलतो, हे मात्र खरं. मायक्रोफोन प्रत्येक कंप टिपतो आणि पन्नास जणांचे पन्नास कंप एकत्र आले की स्वरावर धुकं जमतं. सेंट ओलाफचे विद्यार्थी जांभळे झगे घालून, एकमेकांचे हात धरून गातात. तबकडीवर ते हात दिसत नाहीत, पण सगळ्यांचा श्वास एकाच क्षणी घेतला जातो तेव्हा ते धरलेले आहेत हे कळतं.

आता रॉबर्ट शॉ. या पुस्तकात त्यांना सर्वांत जास्त पानं मिळाली आहेत आणि त्याबद्दल मला काही संकोच नाही. कॅलिफोर्नियात १९१६ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला हा मुलगा संगीताच्या कुठल्या मोठ्या विद्यालयात शिकलेला नव्हता. रेडिओवर लोकप्रिय असलेल्या फ्रेड वेअरिंग यांनी त्यांना कॉलेजच्या ग्ली क्लबसमोर पाहिलं आणि १९३८ साली आपल्याकडे कामाला घेतलं. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये शॉ यांनी कॉलेजिएट कोराल हा मोठा हौशी क्वायर काढला. जात, वर्ण, धर्म न पाहता गळा आणि तयारी पाहून माणसं घ्यायची, हा तिथला नियम होता. १९४१ची अमेरिका लक्षात घेता ही लहान गोष्ट नव्हती. संचालक टोस्कानिनी सादर करत असलेल्या बीथोवनच्या नवव्या सिम्फनीसाठी याच क्वायरची तयारी शॉ यांनी करून घेतली. मग १९४८ साली व्यावसायिक गायकांचा रॉबर्ट शॉ कोराल निघाला, बसने गावोगाव फिरला, आरसीए व्हिक्टरसाठी तबकड्यांमागून तबकड्या काढल्या. १९६२च्या शरद ऋतूत, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या काठावर उभं असताना, हे गायक सोव्हिएत संघात दौऱ्यावर होते आणि तिथल्या श्रोत्यांपुढे बाखचा बी मायनर मास गात होते.

शॉ यांची तालीम कशी चाले हे समजलं की त्यांच्या ध्वनिमुद्रणांचं गुपित उलगडतं. नवी रचना हाती घेतली की शब्द बाजूला ठेवायचे. सगळ्यांनी आपापल्या स्वरांवर आकडे म्हणायचे, ‘वन अँड टू अँड टी अँड फोर अँड’. तीनचा उच्चारही बदलून ‘टी’ केलेला, कारण ‘थ्री’मध्ये जीभ अडखळते आणि स्वर क्षणभर उशिरा लागतो. हे सगळं अगदी दबक्या आवाजात. जोरात गाणारा स्वतःलाच ऐकतो, हळू गाणाऱ्याला शेजारचा ऐकावा लागतो. असे कित्येक तास गेल्यावर दोनशे माणसांची लय आतून एक होते. मग शब्द द्यायचे, मग भाव, आणि आवाजाची पूर्ण ताकद शेवटच्या एक-दोन तालमींत. गळा दमत नाही आणि कान तयार होतो. आपल्याकडे खर्जाच्या साधनेत जो संयम असतो, त्याच्या जवळचा हा संयम आहे. १९६७ साली ते अटलांटा सिम्फनीचे संगीत-संचालक झाले आणि तिथे १९७० साली त्यांनी पुन्हा हौशी गायकांचाच क्वायर उभारला. डॉक्टर, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी, कुणालाही मानधन नाही. शॉ त्यांना लांबलचक पत्रं लिहीत. त्यांत शाबासकी असे, कानउघाडणी असे आणि संगीत कशासाठी करायचं याचा विचारही असे. अटलांटाने टेलार्क कंपनीसाठी १९७८ साली केलेलं मुद्रण अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या डिजिटल सिम्फनी-मुद्रणांपैकी एक. मोजकेच मायक्रोफोन, नंतरची कारागिरी कमीत कमी. ब्राह्म्स, बर्लिओझ, व्हर्दी यांच्या भव्य रचना या बिनपगारी गायकांनी अशाच पुढच्या मुद्रणांतून जगभर पोचवल्या.

त्यांच्या कामाचा दुसरा भाग अधिक घरगुती आहे आणि माझ्या मुद्द्याला जास्त जवळचा. तरुण संगीतकार ॲलिस पार्कर आणि शॉ यांनी मिळून १९४८पासून पुढे जवळजवळ दोन दशकं नाताळगीतं, लोकगीतं, जुनी भजनं यांच्या क्वायरसाठी मांडण्या लिहिल्या. त्या आधी तबकडीसाठी लिहिल्या गेल्या. मग छापील संहिता निघाल्या, शाळा, कॉलेजं, चर्च यांनी त्या विकत घेतल्या, आणि तबकडीवर ऐकलेलं गाणं पुढच्या डिसेंबरात गावातल्याच माणसांच्या तोंडी आलं. मांडणी वाचली तर ती सोपी दिसते. कुठल्याही आवाजाला अवघड उडी नाही, प्रत्येकाला गुणगुणण्यासारखी ओळ आहे. पार्कर यांना हे नेमकं साधत असे, आल्टोच्या कंटाळवाण्या समजल्या गेलेल्या जागेतही त्या एखादी सुरेल वाट काढत.

रँडल थॉम्सन यांच्या ‘आलेलुया’विषयी इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण नवख्या श्रोत्याने पहिली कुठली रचना ऐकावी असं कुणी विचारलं तर मी हीच सांगते. १९४० साली मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवूड इथे संगीत-शिबिराची सुरुवात व्हायची होती. संचालक कुसेव्हित्स्की यांनी थॉम्सन यांच्याकडे एक जल्लोषाची रचना मागितली. त्याच वेळी महायुद्धात फ्रान्स पडला होता. थॉम्सन यांना जल्लोष सुचेना. त्यांनी जुलैच्या पहिल्या काही दिवसांत एकाच शब्दाची रचना लिहिली. ‘आलेलुया’ हा स्तुतीचा शब्द, शेवटी एक ‘आमेन’, बस. ८ जुलैला उद्घाटन होतं आणि संहितेच्या प्रती कार्यक्रमाच्या जेमतेम पाऊण तास आधी हाती पडल्या. विद्यार्थ्यांनी त्या तेवढ्या वेळात शिकून गायल्या. रचना ठाय लयीत सुरू होते, हळू, जवळजवळ विनवणीसारखी. तोच शब्द परत परत येतो, प्रत्येक वेळी एक पायरी वर, आवाज एकमेकांच्या खांद्यावरून पुढे सरकतात, शिखर येतं, आणि सगळं पुन्हा खाली उतरतं. सगळं गेल्यावरही देवाची स्तुती करणाऱ्या बायबलमधल्या ईयोबाची मनःस्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. तेव्हापासून टँगलवूडचा दरवर्षीचा उन्हाळा याच रचनेने सुरू होतो.

गॉस्पेलच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगायनाच्या, वाटेला ध्वनिमुद्रणाने काय दिलं हे सांगायला दोन तबकड्या पुरेत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या एका चर्चमध्ये एडविन हॉकिन्स यांच्या तरुण क्वायरने प्रवासखर्च जमवण्यासाठी एक तबकडी काढली. पाचशे प्रती छापल्या. त्यात ‘ओ हॅपी डे’ हे अठराव्या शतकातलं भजन हॉकिन्स यांनी पियानोच्या नव्या ठेक्यावर बसवलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवर ते वाजलं आणि १९६९ साली अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांत चौथ्या क्रमांकावर गेलं. दुसरी तबकडी अरीथा फ्रँकलिन यांची, ‘अमेझिंग ग्रेस’. १९७२च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर त्यांच्या मागे उभा होता. मागे म्हणणं चूक ठरेल इतका तो त्यांच्याशी बोलतो, त्यांना पुढे ढकलतो. उपासकांच्या हाका, टाळ्या, मध्येच उठलेला हुंदका, सगळं तबकडीत आहे. तो प्रसंग चित्रितही झाला होता, पण आवाज आणि चित्र जुळवण्याची खूण करायची राहून गेली, त्यामुळे चित्रपट लोकांसमोर यायला २०१८ साल उजाडलं.

अलीकडच्या काळाबद्दल मी आवरतं घेतलं आहे, कारण अजून निवाडा करण्याइतकं अंतर पडलेलं नाही. शँटिक्लियर हा सॅन फ्रान्सिस्कोचा बारा पुरुषांचा संच, फिलाडेल्फियाचा द क्रॉसिंग, टेक्सासचा कॉन्स्पिरारे, आणि २०१३ साली कॅरोलाइन शॉ यांना पुलित्झर मिळवून देणारं आठ आवाजांचं ‘पार्टिटा’, यांच्यावर टिपणं आहेत. मोठं टिपण एकच, मॉर्टन लॉरिडसन यांच्या ‘ओ मॅग्नम मिस्टेरियम’वर. १९९४ साली लॉस एंजेलिस मास्टर कोरालसाठी लिहिलेली ही रचना. पॅसाडीनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात सतराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकार थुर्बारान यांचं लिंबं, संत्री आणि गुलाबाचं एक शांत चित्र आहे. लॉरिडसन त्या चित्रासमोर बसत आणि तशीच साधी रचना करायची असं त्यांनी ठरवलं. सगळी रचना डी मेजरच्या स्वरांत फिरते. एकच परका स्वर येतो, जी शार्प, आल्टोंच्या ओळीत, कुमारी मातेचा उल्लेख होतो त्या शब्दावर. जन्माच्या त्या प्रसन्न गीतात पुढच्या क्रूसाची सावली तेवढ्या एका स्वराने पडते. चांगल्या मुद्रणात तो स्वर दुखरा ऐकू येतो. ज्या मुद्रणात तो चटकन उरकला जातो, ते मी पुन्हा लावत नाही.

नेवाडात जन्मलेले संगीतकार एरिक व्हिटाकर कॉलेजात जाईपर्यंत नोटेशन वाचू शकत नव्हते. मोझार्टच्या रेक्विएमच्या तालमीत उभे राहिल्यावर त्यांना आपली वाट सापडली. त्यांच्या ‘लक्स ऑरुमक्वे’चं आभासी क्वायरने केलेलं मुद्रण २०१० साली आलं : १२ देशांतले १८५ जण, प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा, कॅमेऱ्यासमोर, पडद्यावरच्या नि:शब्द संचालनाकडे बघत गायलेला, नंतर सगळे आवाज एकत्र जुळवलेले. २०२०च्या सहाव्या खेपेला १२९ देशांतून १७,५७२ गायक आले. ती खेप करोनाच्या काळातली. १० मार्च २०२० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली इथे एका हौशी क्वायरच्या तालमीला ६१ जण जमले होते; त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. एकत्र श्वास घेणं हाच ज्या कलेचा पाया, तिच्यासाठी हा आघात किती खोल होता हे सांगायला नको. देशभरच्या तालमी थांबल्या. त्या वर्षीचे चौकोनी खिडक्यांत गाणारे चेहरे संगीत म्हणून फार उंचीचे नव्हते, जुळवलेल्या आवाजांत एका दालनाचा नाद येत नाही. पण त्या माणसांना गायचं होतं, आणि मुद्रणाशिवाय दुसरा मार्ग उरला नव्हता.

मराठी मुलखाशी या संगीताचा एक जुना धागा आहे. बॉस्टनच्या परिसरातून निघालेले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, नंतर अहमदनगरला त्यांचं मोठं ठाणं झालं. त्याच काळात बॉस्टनला लोवेल मेसन शाळांमध्ये समूहगायन रुजवत होते आणि भजनांना चाली देत होते. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’मध्ये पाश्चात्त्य चालींवरची गीतंही आहेत आणि रेव्हरंड टिळकांची, आपल्या अभंग-पदांच्या वळणाची गीतंही. टिळकांनी आपल्या मातीतली चाल धरण्याचा जो आग्रह केला तो मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे दोन्ही परंपरा एकाच पुस्तकात शेजारी बसल्या. उलट दिशेनेही वाहतूक झाली. मुंबईत १९५६ साली परांज्योती अकादमी कोरस सुरू करणारे व्हिक्टर परांज्योती यांची ‘द्रविडियन डिथिरँब’ ही रचना आज अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांचे क्वायर हौसेने गातात, आणि ए. आर. रहमान यांच्या गाण्यांच्या ईथन स्पेरी यांनी केलेल्या मांडण्याही.

पुस्तक कसं वापरावं याबद्दल थोडं. प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही, पण प्रत्येक प्रकरण हातात घेण्यापूर्वी त्यातली मुख्य रचना एकदा ऐकून घ्यावी. शक्यतो चालता-फिरता नको. मोबाइलच्या बारीक स्पीकरवर बास ऐकू येत नाही आणि बास नसला की बाकीचे तिघे अधांतरी वाटतात. साधा हेडफोनही पुरतो. पहिल्या वेळी काहीच शोधू नये. दुसऱ्यांदा सोप्रानो सोडून द्यावा आणि बासचा हात धरावा, तो सर्वांत लवकर सापडतो. तिसऱ्यांदा टेनर. आल्टो सगळ्यांत शेवटी, कारण ती ओळ मधोमध लपलेली असते आणि तीच सापडायला वेळ लागतो. थॉम्सन यांच्या ‘आलेलुया’वर ही सवय करावी, कारण तिथे शब्द एकच असल्यामुळे सगळं लक्ष स्वरांकडे देता येतं. ओळ एकदा सापडली की ती गुणगुणून पाहावी, तबकडी चालू ठेवूनच. तुमचा आवाज ज्या ओळीत सहज बसेल ती तुमची. पुढच्या सगळ्या प्रकरणांत त्याच ओळीत राहून ऐकलं तरी चालेल. गाणारेही आयुष्यभर तेच करतात.